हयातीचा दाखला : बीडच्या खजिन्यातून खात्यापर्यंत पेन्शनचा प्रवास

१/
दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव येथील बँकांत वृद्धांची गर्दी होऊ लागते. कोषागाराकडून आलेल्या यादीत आपले नाव शोधायचे, त्यासमोर स्वाक्षरी करायची किंवा अंगठा उमटवायचा आणि आपण हयात आहोत हे शासनास कळवायचे. हे राहून गेले तर निवृत्तिवेतन थांबते. वर्षातून एकदा होणाऱ्या या विधीचा इतिहास काय? आजचा धागा त्याविषयी.

२/
पेन्शनचा इतिहास बहुधा 'किती आणि कोणास' या दोन प्रश्नांभोवती सांगितला जातो. आपण 'कसे पोहोचले' हा प्रश्न घेऊ. खजिन्याच्या खिडकीपाशी आलेल्या माणसाविषयी तीन शंका असतात. हा माणूस नेमका कोण? तो जिवंत आहे का? आणि त्यास पैसे देण्यास कोण बांधील आहे? बीडमध्ये राजवट, चलन, लिपी आणि सन हे सारे बदलले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही पार बदलले. पहिले दोन प्रश्न मात्र अजून उभे आहेत.

३/
आरंभ बीडबाहेरून करणे भाग आहे, कारण 'पेन्शन' हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडला तो एका पराभवासोबत. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कमसमोर शरणागती पत्करली. त्याच्या मोबदल्यात त्यास वर्षाला ८ लाख रुपये आणि कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूर येथे, निवास मिळाला. ही रक्कम कोणत्याही नोकरीचा मोबदला नव्हती. राज्य सोडल्याची ती किंमत होती.

४/
जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला. दत्तक पुत्र नानासाहेबाने पेन्शन पुढे चालवण्याची मागणी केली आणि लॉर्ड डलहौसीच्या सरकारने ती फेटाळली. पेन्शन व्यक्तीस होती, व्यक्तीबरोबर संपली, अशी कंपनीची भूमिका होती. नानासाहेबाने अजीमुल्ला खानास थेट लंडनला धाडले, तरी उपयोग झाला नाही. पुढचे १८५७ आपणास ठाऊक आहेच. येथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की, त्या काळच्या समजुतीनुसार पेन्शन ही देणाऱ्याची मर्जी होती, घेणाऱ्याचा हक्क नव्हता.

५/
ही समजूत कायद्यातही उतरली. १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. त्याच कायद्याने दुसरीकडे संरक्षणही दिले. सावकारास पेन्शनवर जप्ती आणता येत नसे आणि पुढे मिळणारी पेन्शन आगाऊ कोणाच्या नावे लिहून देणे व्यर्थ ठरे. सरकार एका हाताने वृद्धास सावकारापासून वाचवत होते आणि दुसऱ्या हाताने स्वतःस वृद्धाच्या दाव्यापासून.

६/
बीड त्या वेळी इंग्रजी मुलखात नव्हते. ते हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी गॅझेटिअरांत त्याचा उल्लेख 'भीर' असा येतो आणि अंबाजोगाई कागदोपत्री 'मोमिनाबाद' असते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या राज्याची तिजोरी इतकी दुबळी होती की फौजेचे पगारदेखील थकत. हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चाचे देणे फिटेना, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे सोपवावा लागला. जेथे चालू पगाराची शाश्वती नाही, तेथे निवृत्तीनंतरच्या वेतनाची कल्पना कोण करणार?

७/
१८५३ मध्येच दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंगाने हे चित्र बदलले. महसुलाचे मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले गेले. १८६५ च्या सुमारास 'जिलाबंदी' होऊन राज्याची जिल्ह्यांत रीतसर विभागणी झाली. जिल्हा आला म्हणजे कचेरी आली, कचेरीबरोबर खजिना आला आणि वर्षानुवर्षे एकाच सरकारची चाकरी करणारा कारकून, शिपाई, पेशकार आला. निवृत्तिवेतनधारक हा वर्ग या व्यवस्थेच्या पोटी जन्मतो. आधी नियमित पगार, मगच नियमित पेन्शन.

८/
हैदराबादी उर्दूत पेन्शनला 'वजिफा' आणि ती घेणाऱ्यास 'वजिफायाब' म्हणत. शब्द मोठा बोलका आहे. विद्यार्थ्यास मिळणारी शिष्यवृत्ती हाही वजिफाच आणि एखाद्या विद्वानास अथवा फकिरास मिळणारी नेमणूकही वजिफाच. मनसब, रुसूम अशा वंशपरंपरागत रोख देणग्याही खजिन्यातूनच जात. म्हणजे तीस वर्षे कचेरीत खर्ची घातलेला कारकून आणि आजोबांच्या पुण्याईवर रक्कम घेणारा मनसबदार, दोघेही एकाच सरकारी उदारतेचे लाभार्थी भासत.

९/
खजिना म्हणजे काय, हेही डोळ्यांसमोर आणावयास हवे. बँकांच्या शाखा तालुक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी सरकारी रोकड खरोखरच एका भक्कम खोलीत असे. तिला दुहेरी कुलूप, दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे आणि बाहेर शस्त्रधारी पहारा. पेन्शन घेण्यासाठी वृद्धाने स्वतः तेथे यावयाचे, ही रीत निजामी मुलखात होती तशीच इंग्रजी मुलखातही होती. आपण समोर उभे राहणे हाच हयातीचा पहिला आणि सर्वांत भरवशाचा दाखला होता.

१०/
पण समोर उभा असलेला माणूस तोच कशावरून? त्यासाठी निवृत्तिवेतन प्रदान आदेशाचे दोन भाग केले जात. एक धारकाजवळ राही, दुसरा खजिन्यात. दोन्ही जुळले की रक्कम मिळे. आदेशाबरोबरच्या कागदांत उंची, शरीरावरील ओळखीच्या खुणा आणि स्वाक्षरीचे नमुने नोंदवत. निरक्षराच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचे व बोटांचे ठसे घेत. पुढे छायाचित्र आले. सामान्य माणसाच्या देहाचे इतके बारकाईने वर्णन करणारे सरकारी कागद थोडेच असतील. एक तुरुंगातला आणि दुसरा हा.

११/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. दुसऱ्या दिवशीही बीडच्या वजिफायाबांना जगावयाचे होतेच. राज्य गेले, पण तीस वर्षांची चाकरी कागदावर उरली होती आणि तो कागद उर्दूत होता. १८८० च्या दशकात हैदराबादच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. त्यामुळे अनेकांच्या सेवेचा इतिहास अशा लिपीत अडकला, जी पुढच्या पिढीतील कारकुनांना आणि खुद्द पेन्शनधारकांच्या मुलांना वाचता येणार नव्हती.

१२/
लिपीपाठोपाठ सनाचा प्रश्न. हैदराबादचा कारभार फसली सनावर चाले. वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी 'आजर' महिन्याने सुरू होई आणि महिन्यांची नावे इराणी असत : बहमन, खुर्दाद, अमरदाद. फसली सनात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. पोलीस कारवाईचा सप्टेंबर १९४८ हा फसली १३५७ मध्ये पडतो. जन्मतारीख आणि नोकरीची पहिली तारीख इसवी सनात आणताना एका वर्षाची चूक झाली, तर निवृत्तीचा दिवस आणि सेवेची लांबी दोन्ही बदलत. पंचांगाचा हा हिशेब थेट पोटाशी जोडलेला होता.

१३/
तिसरा अडथळा नाण्याचा. निजामाचा रुपया 'हाली', इंग्रजी हिंदुस्थानचा 'कलदार'. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा दर होता. १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. ज्याचा वजिफा हाली ७० रुपये होता, त्याच्या हाती भारतीय नाण्यात ६० पडणार. किंमत तीच, आकडा लहान. पन्नाशीच्या दशकात हाली हळूहळू व्यवहारातून गेले. त्यातच १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. एकाच वृद्धाच्या आयुष्यात त्याच्या पेन्शनचा आकडा दोनदा नव्याने मांडला गेला.

१४/
याच सुमारास वजिफ्याच्या दोन अर्थांची फारकत झाली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. त्यानंतर १९५२ मध्ये हैदराबाद राज्याने रोख देणग्या रद्द करणारा कायदा केला. मनसबदाराची वंशपरंपरागत रक्कम नव्या लोकशाहीस मान्य नव्हती; कारकुनाचे आणि शिपायाचे निवृत्तिवेतन मान्य होते. पूर्वजांच्या कर्तबगारीचे देणे आणि स्वतःच्या श्रमाचे देणे यांतला भेद राज्याने येथे प्रथमच स्पष्ट केला. हा भेद लहान दिसतो, परंतु पुढच्या साऱ्या हक्कांचे मूळ त्यात आहे.

१५/
मग राज्यच विभागले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले : तेलंगणा आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा मुंबई राज्यात. ज्याने नोकरीची काही वर्षे बीडला, काही गुलबर्ग्याला आणि काही वरंगळला काढली, त्याची पेन्शन कोणी द्यावी? राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात निवृत्तिवेतनाच्या दायित्वाची वाटणी कशी करावी, यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. नकाशावर रेषा ओढणे एका दिवसात झाले. माणसाच्या नोकरीचे हिशेब त्या रेषेने कापणे इतके सोपे नव्हते.

१६/
१ मे १९६० रोजी बीड महाराष्ट्रात आले. येथे एक गंमत पाहा. शासकीय कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनास प्राधिकार देण्याचे काम महालेखापालांचे. महाराष्ट्रात त्यांची दोन कार्यालये आहेत, मुंबई आणि नागपूर. मराठवाड्याचे जिल्हे विदर्भासमवेत नागपूरकडे आहेत. बीडहून मुंबई जवळ आणि नागपूर सरळ रेषेतही चारशेहून अधिक किलोमीटर! तरीही बीडच्या तलाठ्याच्या पेन्शनचा आदेश नागपूरहून निघतो. ज्या कागदांची वाट पूर्वी हैदराबादेस जात होती, ती आता नागपूरला जाऊ लागली.

१७/
निजामी काळाचा एक धागा मात्र बराच काळ टिकला. १९४१ मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक ही त्या राज्याची सरकारी बँक. १९५६ मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्यात 'हैदराबाद बँक' याच नावाने ओळखली गेली. राज्य गेले, नाणे गेले, सन गेला. पण मराठवाड्यातील कितीएक वृद्धांच्या पासबुकावर हैदराबादचे नाव राहिले. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा तेही पुसले गेले.

१८/
आता स्त्रियांकडे वळू. बाजीरावाच्या प्रकरणात दिसलेले तत्त्व, की पेन्शन व्यक्तीबरोबर संपते, ते साध्या कारकुनासही दीर्घकाळ लागू होते. पती गेला की बहुधा घराचे उत्पन्नही जाई. १९६४ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने हे पालटले आणि सामान्य घरांतील विधवा मोठ्या संख्येने खजिन्याच्या नोंदीत आल्या. पण तिच्यापुढे एक शंका अधिक होती. हयातीबरोबरच पुनर्विवाह न केल्याचेही तिला लिहून द्यावे लागे. राज्याने तिला वेतन दिले आणि तिच्या खाजगी आयुष्यावर नजरही ठेवली.

१९/
उरला तिसरा प्रश्न : देण्यास बांधील कोण? त्याचे उत्तर न्यायालयांनी दिले. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नाही, कर्मचाऱ्याचा हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणातील निकाल आला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी आणि नंतर निवृत्त झालेल्यांत सुधारित पेन्शनबाबत केलेला भेद त्याने रद्द ठरवला. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड. १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर्स दिन म्हणून पाळतात.

२०/
त्याच वर्षी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू झाले. या चौकटीत प्रवास असा : कार्यालय सेवापुस्तिका तपासून प्रकरण महालेखापालांकडे पाठवते, तेथून आदेश जिल्हा कोषागारात येतो, प्रथम प्रदानाच्या वेळी धारकाची ओळख पटवली जाते, त्यानंतर कोषागार दरमहा रक्कम बँक खात्यात जमा करते. हिशेब कोषागाराचा, बँक केवळ पोहोचवणारी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची वाट वेगळी. ती जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतून जाते.

२१/
'हा माणूस कोण?' हा प्रश्न बीडमध्ये सर्वाधिक तीव्रतेने विचारला गेला तो वेगळ्याच पेन्शनबाबत. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. राज्याचीही योजना होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांपुढे अडचण पुराव्याची होती. जो तुरुंगात गेला त्याची नोंद मिळे. जो भूमिगत राहिला, सरहद्दीवरच्या छावणीत होता, निरोप पोहोचवत होता, त्याची नोंद न ठेवणे हेच तर त्याचे कौशल्य होते! मग सहकारी सैनिकांच्या साक्षीवर विसंबावे लागले.

२२/
साक्षीच्या या वाटेने खोटे दावेदारही शिरले. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाने दाव्यांची छाननी केली आणि २००५ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयासमोर आला. फसवणुकीने मिळवलेला लाभ टिकू शकत नाही, हे तेथे ठामपणे सांगितले गेले. यात सर्वांत मोठी हानी तिजोरीची झाली नाही. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षक म्हणून काम केले, तेथील खऱ्या सैनिकाकडेही लोक संशयाने पाहू लागले.

२३/
२००५ चा दुसरा अर्थही आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली आणि अंशदानावर आधारलेली योजना आली. आधी ठरलेले वेतन आजन्म देण्याची बांधिलकी राज्याने आटोपती घेतली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर झालेल्या कर्मचारी संपाची मुख्य मागणी जुनी पेन्शन हीच होती. पुन्हा एका तारखेने दोन सहकाऱ्यांमध्ये रेषा ओढली. नकारा प्रकरणातील ३१ मार्च आठवावा, मात्र येथे रेषा निवृत्तीच्या नव्हे, नेमणुकीच्या दिवसावर आहे.

२४/
नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने 'जीवन प्रमाण' ही डिजिटल हयात दाखल्याची सोय आणली. आधारशी जोडलेला बोटाचा ठसा घ्यायचा, की दाखला तयार. पुढे चेहरा ओळखून मोबाइलवर दाखला देण्याची सोयही झाली. अंथरुणाला खिळलेल्यास हा मोठाच दिलासा. परंतु आयुष्यभर माती, विळा, घण हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. खजिन्याचा जुना कारकून निदान चेहऱ्याने ओळखत असे. यंत्राजवळ 'आम्ही यांना ओळखतो' असे म्हणण्याची सोय नाही.

२५/
हा प्रश्न केवळ सरकारी नोकरी केलेल्यांचा नाही. १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांतील वृद्धांनाही हयात असल्याचे दाखवावे लागते. २०२३ मध्ये त्यांची रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे कर्ती माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांकडे जातात आणि पुढचे कित्येक महिने गावात म्हातारी माणसे उरतात. त्यांना तहसिलीत किंवा बँकेत धरून नेणारा हातच त्या वेळी घरात नसतो.

२६/
तर दोनशेहून अधिक वर्षांचा हा हिशेब असा. बिठूरला जी कृपा होती, ती १९८२ पर्यंत हक्क झाली. हा बदल मोठा आहे आणि तो सहज मिळालेला नाही. पण हक्क कोणाचा, हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र आजही वृद्धाच्याच खांद्यावर आहे. देणारा मेलेल्यास पैसे जाऊ नयेत म्हणून सावध असतो, आणि ते रास्तच आहे. मात्र जिवंत माणसाची पेन्शन एका राहिलेल्या अंगठ्यामुळे थांबली, तर त्याचा जाब विचारणारा रकाना कोणत्याही यादीत नाही.

२७/
वाचकहो, आपल्या घरी आजोबा-पणजोबांची पेन्शन पुस्तिका, उर्दूतील सेवापुस्तिका किंवा हाली रकमेचा एखादा हुकूम असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावरचे खाते क्रमांक झाकून छायाचित्र काढून ठेवा. उर्दू वाचणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून मजकूर उतरवून घ्या. फसली तारीख, ओळखीच्या खुणा आणि झिजलेला अंगठा असलेला तो एक कागद मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे अस्सल साधन आहे. आणि येत्या नोव्हेंबरात शेजारच्या आजींना बँकेपर्यंत सोबत हवी असेल, तर जा.